मोठ्या डॉक्टरांना विचारलं काय होतं?

*डॉक्टरसाहेब, नमस्कार. आमचे मालक कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत १९ वर्षं फेटलिंगला होते. वय ५०. तीन वर्षांपासून खोकला आणि दम. टीबीचा कोर्स दोनदा पुरा केला, थुंकीत जंतू एकदाही सापडला नाही. मार्च २०२५ पासून कामावर जाणं बंद आहे, दहा पायऱ्या चढल्या की बसावं लागतं. इथल्या छातीच्या डॉक्टरांनी एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) काढून सिलिकोसिस, म्हणजे रेतीच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार, असं लिहून दिलं. तो कागद कंपनीत दाखवल्यावर एचआरचे साहेब यांना गाडीत घालून पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. दहा मिनिटांत तपासणी झाली. रिपोर्ट दोन ओळींचा: जुना बरा झालेला टीबी व धूम्रपानाचे परिणाम, सक्रिय रोग नाही. हे २००९ पर्यंत बिडी ओढायचे, ते खोटं सांगत नाही. आता शेठ म्हणतात, आजार कामामुळं नाही, तरी माणुसकी म्हणून अडीच लाख देतो, स्टँपवर सही करा की पुढं काही मागणी नाही. धाकटे दीर म्हणतात घेऊन टाका, कोर्टात गेलात तर हेही जातील. मला नंतर कळलं की ते डॉक्टर कंपनीच्याच पॅनेलवर आहेत. त्यांना निःपक्षपाती म्हणायचं का? आमचा डॉक्टर आम्ही उभा केला तर धरतील का? परत एकदा तपासणीला बोलावलंय, नाही म्हणू का? पगार २३,५०० होता. ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचे पैसे, आधी कापायचे, चार वर्षांपूर्वी पगार वाढला तेव्हा बंद झालं. बाकी मला कायद्यातलं काही कळत नाही. एवढंच माहीत आहे की यांचा शर्ट रात्री भिजवला की सकाळी बादलीच्या तळाशी काळपट रेती बसलेली असायची.*

*— करवीर तालुक्यातील एक वाचक*

ताई,

तुम्ही नवऱ्याला मालक म्हणता आणि मालकाला शेठ. मीही तसंच लिहितो, म्हणजे घोटाळा नको.

आधी सहीचं. तूर्त करू नका. एचआरचे साहेब घरी आले तर चहा द्या, कागदाची झेरॉक्स मागा आणि सांगा की वकिलाला दाखवून कळवते. झेरॉक्स द्यायला त्यांनी काचकूच केली तर त्यातूनही तुम्हाला बरंच कळेल.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. त्याचं उत्तर द्यायचा अधिकार मला जरा वेगळ्या कारणानं आहे. मी स्वतः १४ वर्षं एका कारखान्याचा डॉक्टर होतो. कुठला ते सोडा. एका संध्याकाळी पर्सोनेलचे अधिकारी एक मोठं खाकी पाकीट घेऊन दवाखान्यात आले. पाकिटात छातीचा एक्स-रे आणि एक टाइप केलेलं पत्र: ‘सदर कामगारास क्षयरोग आहे किंवा कसे, तसेच तो कामास योग्य आहे किंवा कसे, याबाबत अभिप्राय द्यावा.’ मी प्लेट दिव्यासमोर लावली. दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात मोहरीएवढे गोल ठिपके पसरलेले होते. मला ते दिसले. पण विचारलं होतं टीबीचं. कामगार कुठल्या खात्यात आहे, किती वर्षं आहे, हे पत्रात नव्हतं आणि मी विचारलंही नाही. लिहून दिलं, ‘सक्रिय क्षयरोग आढळत नाही. कामास योग्य.’ तो माणूस दुसऱ्या दिवशी परत रेतीच्या धुळीत उभा राहिला आणि पुढं चार वर्षं राहिला.

माझ्या त्या वाक्यात एक शब्द खोटा नव्हता. कुणी फोन केला नव्हता, दमदाटी केली नव्हती. पाकीट मिळालं ते एक्स-रेचंच. पगार सात तारखेला होत होता, तेवढं पुरेसं होतं.

म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी पैसे खाल्लेत का, या प्रश्नावर डोकं शिणवू नका. ते शोधता येत नाही, आणि बहुतेक वेळा तसं काही नसतंही. पॅनेलवर असणं हा गुन्हा नाही, पण ते उघड सांगायला हवं होतं, आणि सांगितलं नाही. तुम्ही चौकशी करायची ती अशी, की त्यांना निवडलं कुणी, त्यांच्यासमोर ठेवलं काय आणि त्यांना विचारलं काय. ‘सक्रिय रोग नाही’ हे शब्द वाचून मला माझंच पत्र आठवलं. हे उत्तर ‘टीबी आहे का’ या प्रश्नाचं आहे. तुमचा प्रश्न होता, एकोणीस वर्षांच्या रेतीच्या धुळीनं हे फुफ्फुस असं झालंय का? तो त्यांना विचारला गेला होता असं त्या दोन ओळींवरून तरी दिसत नाही.

त्या दोन ओळी वैद्यकाच्या बाजूनं तपासू. फेटलिंगला माणूस काय करतो, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. साच्यातून काढलेल्या कास्टिंगला रेती भाजून चिकटलेली असते. ती छिन्नीनं, ग्राइंडरनं खरवडायची. ही सिलिका सँड म्हणजे क्वार्ट्झ, आणि ती फुटून जी पिठासारखी धूळ उडते ती नाकातोंडावर रुमाल बांधून अडत नाही. बादलीत बसायची ती जाड रेती. फुफ्फुसात जाते ती तिच्याहून कितीतरी बारीक, डोळ्यांना न दिसणारी. पण जाड दिसत होती तिथं बारीकही होती, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

सिलिकोसिसचे ठिपके बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात येतात. टीबीही बहुधा वरच्याच भागात येतो. गोंधळ तिथून सुरू होतो आणि आपल्याकडं टीबी इतका आहे, की डॉक्टरांचा हात आधी त्याच गोळ्यांकडं जातो. थुंकीत जंतू नसताना दोनदा कोर्स दिला जाणं ही खाणी-फाउंड्रीच्या माणसांची नेहमीची कथा आहे. शिवाय सिलिकाची धूळ बसलेल्या फुफ्फुसाला टीबी लवकर धरतो. म्हणजे उद्या खरोखरच सिद्ध झालं की यांना कधीकाळी टीबी होता, तरी त्यानं सिलिकोसिस खोडला जात नाही. दोन्ही एकत्र असतात, त्याला सिलिको-ट्यूबरक्युलोसिस म्हणतात आणि तो शब्द भरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातच छापलेला आहे. अट एवढीच, की अपंगत्वाला सिलिकोसिस हे आवश्यक कारण असलं पाहिजे.

आणि बिडी. बिडीनं श्वासनळ्या आकसतात, फुफ्फुसातले फुगे फाटतात, दम लागतो. हे सगळं खरं. पण बिडी फुफ्फुसात तसे गोल घट्ट दाणे पेरत नाही. तुमच्या एचआरसीटीत दाणे आहेत की नाहीत, हे प्लेट बघणारा सांगेल. मी प्लेट पाहिलेली नाही, म्हणून यांना सिलिकोसिसच आहे असं मी इथं बसून म्हणणार नाही. मीही तुमच्या बाजूचा डॉक्टर होऊन बसलो तर या सदराला काही अर्थ राहणार नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं. आमचा डॉक्टर धरतील का? धरतील, पण तो तुमचा आहे म्हणून त्यालाही तीच तपासणी लागू. अमेरिकेतल्या दोन गोष्टी सांगतो, दोन्ही याच दुखण्याच्या भाऊबंदांच्या.

पहिली कंपन्यांच्या बाजूची. कोळसा खाणकामगारांच्या भरपाईच्या दाव्यांत खाण कंपन्या जॉन्स हॉपकिन्ससारख्या नावाजलेल्या रुग्णालयातून एक्स-रे वाचून घ्यायच्या. २०१३ साली पत्रकारांनी जुन्या फायली काढल्या तेव्हा दिसलं, की २००० सालानंतर निकाल लागलेल्या दीड हजारांवर दाव्यांत तिथल्या प्रमुख वाचक डॉक्टरनं गंभीर स्वरूपाचा ‘काळा फुफ्फुस’, म्हणजे कोळशाच्या धुळीचा आजार, एकदाही नोंदवला नव्हता. त्यातल्याच ३९० दाव्यांत इतर डॉक्टरांना तो दिसला होता. मग ते डाग कशाचे? तर अनेकदा टीबीचे, नाहीतर एका बुरशीच्या आजाराचे. ऐकल्यासारखं वाटतंय ना? ते डॉक्टर आपल्या वाचनावर जाहीरपणे ठाम राहिले. रुग्णालयानं तो कार्यक्रम थांबवला आणि २०१५ साली कायमचा बंद केला.

दुसरी कामगारांच्या वकिलांच्या बाजूची. अ‍ॅस्बेस्टॉसच्या दाव्यांतले ४९२ एक्स-रे संशोधकांनी बाहेरच्या वाचकांकडून परत वाचून घेतले. हे २००४ साली प्रसिद्ध झालं. दावेदारांच्या बाजूनं नेमलेल्या वाचकांना ९५.९ टक्के प्लेटांत दोष दिसला होता. बाहेरच्यांना ४.५ टक्क्यांत. पुढच्याच वर्षी टेक्सासच्या एका न्यायाधीशबाईंनी सिलिकोसिसचे हजारो दावे तपासले आणि निकालपत्रात लिहिलं, की ही निदानं पैशासाठी तयार केलेली आहेत. डॉक्टर मोजून डझनभर होते. त्यात नुकसान झालं ते खरोखर आजारी असलेल्यांचं, कारण त्यांच्या कागदांकडंही लोक संशयानं बघू लागले.

म्हणून तुमचा डॉक्टर ‘आपला माणूस’ म्हणून निवडू नका. ‘सर्टिफिकेट मिळवून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला तर उंबऱ्याच्या आतच घेऊ नका. धुळीच्या आजारांचे एक्स-रे वाचायची एक ठरलेली पद्धत आहे, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची. तिच्यात नमुन्याच्या प्लेटा असतात, त्यांच्या शेजारी आपली प्लेट ठेवून दाणे किती दाट आहेत ते बारा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर लिहायचं. तिची मला आवडणारी गोष्ट ही, की वाचणाऱ्यानं आधी फक्त दिसतं ते लिहायचं. कशामुळं झालं, हा पुढचा प्रश्न. पुण्याच्या दोन ओळींत नेमकं उलटं झालंय: कारण आहे, दिसलं काय ते कुठंच नाही. ठिपके किती, कुठं, केवढे, गाठी आहेत का, गाठींच्या कडेला अंड्याच्या कवचासारखा चुना साचलाय का? काही नाही. दिसलेलं न लिहिता दिलेला निष्कर्ष तपासायचा कसा?

तुमच्या इथल्या छातीच्या डॉक्टरांकडूनही हेच मागा. ‘सिलिकोसिस’ हा एक शब्द पुरेसा नाही. त्यांना म्हणा, सविस्तर लिहून द्या: प्लेटवर काय दिसलं, कामाचा इतिहास काय ऐकला, टीबी का नाही किंवा टीबीसोबत हे का आहे, फुंकण्याच्या तपासणीचे आकडे काय आले. बिडीचं लपवू नका, तुम्ही स्वतःहून मला लिहिलंत तसं त्यांनाही सांगा. किती वर्षं, रोजच्या किती, कधी सोडली. जे आपण आधी लिहितो ते समोरच्याला शोधून काढता येत नाही. मग एचआरसीटीची सीडी आणि जुने एक्स-रे घेऊन दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांना दाखवा आणि पहिल्या दोघांपैकी कुणाचाच रिपोर्ट त्यांना आधी देऊ नका. काय म्हणतात बघा. हा खर्च हजार-दोन हजारांचा असेल, पण दोन माणसांनी एकमेकांना न विचारता तेच वाचलं, याला वजन असतं.

तपासणीला नाही म्हणू का? नाही, नका म्हणू. हे मी जरा दरडावूनच सांगतो, कारण इथं चांगल्या-चांगल्यांचा पाय घसरतो. भरपाईच्या कायद्यानुसार कंपनीला स्वतःच्या खर्चानं कामगाराची डॉक्टरी तपासणी करून घेता येते आणि कामगारानं विनाकारण नकार दिला तर त्याचा हक्क तेवढा काळ स्थगित होतो. जा. पण रिकाम्या हातानं जाऊ नका. एका कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहा: कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, कुठलं काम, दिवसाचे किती तास, धूळ ओढणारा पंखा होता का, मास्क काय दिला होता. दोन प्रती. एक डॉक्टरांच्या हातात, दुसऱ्या प्रतीवर त्यांची पोच. पोच दिली नाही तर घरी येऊन त्याच दिवशी ईमेलनं किंवा रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा. आता त्यांच्यासमोर काय ठेवलं होतं, याचा पुरावा तुमच्याकडं आहे. पहिल्या तपासणीचे कागदही मागा. वैद्यकीय नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ पासूनचा नियम आहे. कंपनीनं त्या डॉक्टरांना जे पत्र दिलं, त्याचीही मागणी लेखी करा. मिळेल न मिळेल, पण मागितल्याची नोंद राहू दे.

आता पैशाचं. दीर म्हणतात ते मी हसण्यावारी नेत नाही. घरात मार्च २०२५ पासून पगार नाही, औषधं चालू आहेत, तेव्हा अडीच लाख ही मोठीच रक्कम दिसते. पण गणित बघा. मार्च २०२५ मध्ये लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर मासिक वेतनाच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणक, असा हिशेब आहे. पगार कितीही असो, वेतन जास्तीत जास्त १५,००० धरतात. त्याचे ६० टक्के ९,०००. पन्नाशीचा गुणक १५३.०९. गुणाकार होतो १३,७७,८१०. मिळवण्याची क्षमता निम्मीच गेली असं ठरलं, तर ६,८८,९०५. शिवाय वेळेत न दिल्याबद्दल वर्षाला १२ टक्के व्याज.

म्हणजे डॉक्टरांना प्रश्न एक नाही, दोन आहेत. आजार कामाचा आहे का, आणि त्यामुळं कमवायची ताकद किती गेली. दुसऱ्या प्रश्नावर कंपनीचे डॉक्टर फुंकण्याच्या तपासणीचा आकडा पुढं करतील, ‘फुफ्फुस साठ टक्के चालतंय, म्हणजे अपंगत्व चाळीस’. तसं नसतं. सर्वोच्च न्यायालयानं १९७५ साली एका सुताराच्या प्रकरणात ठरवलंय: त्याचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता, बाकी शरीर धड होतं. पण एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं अपंगत्व पूर्ण धरलं. फेटलिंगचा माणूस दहा पायऱ्यांना बसत असेल तर त्यानं आठ तास ग्राइंडर कसा पेलायचा, हे ज्या डॉक्टरनं कधी फेटलिंग शॉप पाहिलेलं नाही त्यानं कसं ठरवायचं? त्यालाही कुणीतरी सांगावंच लागेल.

स्टँपपेपरला घाबरू नका. भरपाईचा हक्क सोडून दिला असं कराराद्वारे लिहून घेतलं, तरी तेवढ्यापुरता तो करार कायद्यानं रद्द असतो. भरपाईबद्दल तडजोड झाली तर तिचा मसुदा भरपाईचे दावे चालवणाऱ्या आयुक्तांकडं नोंदवावा लागतो आणि रक्कम अपुरी आहे किंवा दबावानं, फसवून सही घेतलीय असं वाटलं तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. पण मग सही करून पैसे घेऊ आणि नंतर दावा लावू, असा हिशेब मांडू नका. हातात आलेले पैसे कशापोटी आले यावर भांडण होतं, आणि ते भांडण आजारी माणसाला घेऊन लढणं सोपं नाही.

तडजोडीला माझा विरोध नाही. छोट्या फाउंड्रीचे शेठ सगळेच काही राक्षस नसतात, काहींना खरोखरच वाटतं की बिडीमुळं झालं, कारण त्यांनाही तेच दोन ओळींचं पत्र दाखवलेलं असतं. तेव्हा तडजोड करायचीच तर तुम्ही उलटा प्रस्ताव द्या. दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्या ठिकाणी तपासणी: एखाद्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं मंडळ, नाहीतर अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था. प्रश्न दोन्ही बाजूंनी मिळून एकाच कागदावर लिहायचे. सगळ्या प्लेटा, कामाचा इतिहास, टीबीची कार्डं एकत्र पाठवायची, कुणाचाच जुना अभिप्राय सोबत नाही. फी कंपनीनं भरावी, पण रिपोर्ट दोघांना एकाच दिवशी यावा. ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं, तेव्हा जानेवारी १९९५ च्या निकालात न्यायालयानं कामगारांची फेरतपासणी याच अहमदाबादच्या संस्थेकडून करून घ्यायला सांगितली आणि तिनं आजार प्रमाणित केला तर कारखान्यानं एक लाख द्यायचे असं ठरवलं. त्याच निकालात कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षं, किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यांतलं जे नंतरचं असेल तोवर ठेवायला सांगितलंय. १९४८ च्या कारखाने कायद्यातही कामगारांची तपासणी करणाऱ्या प्रमाणक शल्यचिकित्सकाचा कारखान्याच्या धंद्याशी आडून-उघड हितसंबंध नसावा, तो कारखान्याच्या नोकरीत नसावा, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तुमची मागणी त्या मापाचीच आहे. शेठ या प्रस्तावाला काय म्हणतात त्यावरून पुढचं ठरवा.

नाहीच म्हणाले, तर दावा. तिथं पुण्याच्या डॉक्टरांचा कागद नुसता टाकून भागत नाही. तुम्ही तो नाकारलात तर त्यांना साक्षीला यावं लागतं आणि तुमचा वकील त्यांना प्रश्न विचारू शकतो. विचारायला सांगा: या कंपनीसाठी पाच वर्षांत किती कामगार तपासले, त्यांतल्या किती जणांना सिलिकोसिस लिहिला? हा माणूस काय काम करायचा ते तुम्हाला कुणी सांगितलं होतं, की सांगितलंच नव्हतं? सीडी पाहिली की नुसता टाइप केलेला रिपोर्ट? सिलिकोसिस असता तर प्लेटवर काय दिसलं असतं? बिडीनं असे दाणे येतात का? मी स्वतः अशा पिंजऱ्यात एकदा उभा राहिलोय, माझ्याच त्या खाकी पाकिटावरून. वकील तरुण होता. त्यानं एवढंच विचारलं, ‘डॉक्टर, ठिपके दिसले होते का?’ मी हो म्हणालो. ‘मग लिहिले का नाहीत?’ याला माझ्याकडं ‘विचारलं नव्हतं’ याशिवाय उत्तर नव्हतं, आणि ते बोलतानाच कळलं की हे उत्तर नाही.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्री म्हणून आणि औद्योगिक कामगार म्हणून, दोन्ही नात्यांनी मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट लागत नाही. दावा कुठल्या कोर्टात टाकायचा तेही तिथंच सांगतील. जाताना दोन गोष्टी आठवणीनं विचारा. एक, ईएसआय. कपात चार वर्षांपूर्वी थांबली, पण धूळ त्याआधीच्या पंधरा वर्षांतही खाल्लेली आहे. एकाच दुखण्याचे पैसे दोन्हीकडून मिळत नाहीत आणि दोन वाटांवरचे डॉक्टर वेगळे आहेत, ईएसआयकडं तिच्या महामंडळाचं वैद्यकीय मंडळ बसतं आणि त्यावर अपील करता येतं. कुठली वाट तुमची, हे आधी ठरू दे. दोन, तारखा. १९२३ च्या जुन्या कायद्यात दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे आणि व्यावसायिक आजारात ती आजारामुळं सलग कामावर न जाण्याच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. तुमचा तो दिवस मार्च २०२५ मधला. नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिचा तुमच्या प्रकरणाशी कितपत संबंध येतो ते वकिलांनाच ठरवू द्या, पण तुम्ही जुनी मुदत धरूनच चाला. वाटाघाटी चालू आहेत म्हणून मुदत थांबत नाही, हे एचआरच्या साहेबांना पक्कं माहीत असतं.

कागद गोळा करायला आजच सुरुवात करा. पीएफच्या पासबुकात कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत नोकरी ते उतरलेलं असतं, मोबाइलवर निघतं. पगाराच्या चिठ्ठ्या, ईएसआयचं जुनं कार्ड, टीबीची दोन्ही कार्डं, थुंकीचे रिपोर्ट. कंपनीत दरवर्षी तपासणी व्हायची का? व्हायची तर तिच्या नोंदी लेखी मागा, धोकादायक कामाच्या ठिकाणी कामगाराला त्या बघायचा हक्क आहे. यांच्यासोबत फेटलिंगला असलेले जे कोणी आता घरी आहेत त्यांच्याकडं एकदा जाऊन या. आणखी दोघा-तिघांना दम असेल आणि त्यांनाही पुण्याहून ‘जुना टीबी’च आला असेल, तर तुमच्या वकिलाला उलटतपासणीत फार बोलावं लागणार नाही. इथल्या डॉक्टरांना हेही विचारा, की त्यांनी सिलिकोसिस लिहिल्यावर कारखाना निरीक्षकांना कळवलं का. हा कळवायचाच आजार आहे. बहुतेक डॉक्टरांना ते माहीत नसतं, रागावू नका, फक्त आठवण करा.

आणि बादलीचं तेवढं तुमच्या शपथपत्रात तुमच्याच शब्दांत येऊ द्या. किती वर्षं धुतलेत ते शर्ट, रेतीचा रंग कसा, हाताला कशी लागायची, पाणी कुठं ओतायचात. वकील ते वाक्य गुळगुळीत करून ‘धुळीशी संपर्क आला’ असं लिहील. लिहू देऊ नका.